नायिकेचा नकार
(मंडळाच्या वर्धापनदिनानिमित्त मरोळ येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)



वर्धापनदिनाच्या भाषणासाठी ‘प्रणयप्रधान ऐतिहासिक कादंबरी कशी लिहावी’ हा विषय ठरला, तेव्हा आपल्यापैकी काही ज्येष्ठ भगिनींनी नाक मुरडले, असे माझ्या कानावर आले आहे. आरोग्य, बालसंगोपन, बचत यांसारखे उपयुक्त विषय सोडून हे प्रेमाचे खूळ कशाला, असा त्यांचा प्रश्न आहे. प्रश्न रास्त आहे, आणि तो टाळून पुढे जाण्याचा माझा विचार नाही. पण आपल्याच मंडळातील चारपाच जणी दुपारच्या वेळी वही घेऊन बसतात, काहीबाही लिहितात आणि कोणी आले की ती वही उशीखाली सारतात, हेही मला ठाऊक आहे. आजचे माझे बोलणे मुख्यतः त्या वह्यांसाठी आहे.

‘रीजन्सी’ कादंबऱ्या हा शब्द पुष्कळ जणींनी ऐकला असेल. इंग्लंडचा राजा तिसरा जॉर्ज वेडाच्या भरात राज्यकारभार पाहण्यास असमर्थ झाला, म्हणून १८११ साली त्याच्या मुलाला प्रतिनिधी नेमण्यात आले. १८२० साली म्हातारा राजा वारला आणि मुलगा राजा झाला. मधला जो नऊ वर्षांचा काळ, त्याला तिकडे ‘रीजन्सी’ म्हणतात. त्या काळातील बंगले, घोडागाड्या, नृत्याच्या मजलिशी आणि लग्नाच्या वयाच्या मुली यांच्यावर लिहिलेल्या प्रेमकथांचा आज मोठा बाजार आहे. त्या बाजाराची पहिली मोठी दुकानदारीण म्हणजे जॉर्जेट हेयर. १९२१ साली, वयाच्या एकोणिसाव्या वर्षी, तिची पहिली कादंबरी निघाली. १९३५ साली तिने ‘रीजन्सी बक’ लिहिली, आणि तेव्हापासून या जातीच्या कादंबऱ्यांची रीत पडली ती पडलीच. १९७४ साली ती वारली, पण तिच्या मागून आलेल्यांची संख्या मोजता येणार नाही.

परंतु हेयरबाईंनी हा काळ डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. तो पाहिला होता जेन ऑस्टिनने. ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’ ही तिची कादंबरी १८१३ साली निघाली. तिच्या हस्तलिखिताचे सर्व हक्क तिने प्रकाशकाला ११० पौंडांना विकून टाकले होते. पहिल्या कादंबरीवर तिचे नाव नव्हते, नुसते ‘एका स्त्रीने लिहिलेली’ एवढेच छापले होते. आज जगभर जेवढ्या म्हणून रीजन्सी कथा लिहिल्या जातात, त्यांतील बहुतेकींच्या पोटात हीच गोष्ट असते. आपल्याकडे १९८५ साली दूरदर्शनवर ‘तृष्णा’ नावाची हिंदी मालिका होती, तीही हिच्यावरच बेतलेली. तेव्हा अभिजात प्रेमकथेचा आधार घेऊन नवी कादंबरी लिहायची म्हणजे काय करायचे, हे या एका पुस्तकावरून पाहता येईल.

गोष्ट थोडक्यात सांगते. बेनेट नावाचे गृहस्थ. उत्पन्न वर्षाला २,००० पौंड, म्हणजे खाऊनपिऊन सुखी. पण मुली पाच आणि मुलगा नाही. इस्टेट अशा अटीने बांधलेली की, ती पुरुष वारसाकडेच जावी. बाप मेला की दूरचा भाऊबंद कॉलिन्स घराचा मालक होणार आणि बायकांना उंबऱ्याबाहेर पडावे लागणार. हा कॉलिन्स दुसऱ्या मुलीला, एलिझाबेथला, मागणी घालतो. आईच्या दृष्टीने देवच पावला! मुलगी नाही म्हणते. पुढे वर्षाला १०,००० पौंड उत्पन्न असलेला डार्सी तिला मागणी घालतो, पण अशा थाटात की जणू उपकारच करतो आहे. मुलगी त्यालाही नाही म्हणते. मग तो तिला पत्र लिहितो. ते वाचून ती आपल्या मनाशी झाडा घेते, तोही आपल्या वागण्याचा विचार करतो, आणि दुसऱ्या वेळी तो विचारतो तेव्हा ती हो म्हणते.

आता या गोष्टीचा प्राण कशात आहे? पुष्कळजणी म्हणतील, डार्सीच्या रुबाबात. नव्याने लिहिणाऱ्या लेखिका हाच रुबाब उचलतात. उंच, अबोल, श्रीमंत, थोडा तुसडा नायक उभा केला की कादंबरी झाली, असा त्यांचा समज असतो. मला वाटते, प्राण आहे तो त्या दोन नकारांत. जिच्या गाठीला पैसा नाही, डोक्यावरचे छप्परही आपले नाही, ती विशीची मुलगी दोनदा ‘नाही’ म्हणते, म्हणूनच तिच्या अखेरच्या ‘हो’ला मोल येते. जिला नाही म्हणण्याची मुभाच नाही, तिच्या होकाराला काय अर्थ? आणि लेखिकेने शेजारी शार्लट उभी केली आहे, ती उगाच नव्हे. शार्लट सत्तावीस वर्षांची, रूपाने बेताची, एलिझाबेथची मैत्रीण. एलिझाबेथने झिडकारलेल्या कॉलिन्सला ती मुकाट्याने पत्करते. तिला घर हवे आहे. लेखिका तिला हसत नाही की दूषणे देत नाही. नाही म्हणणारीला काय काय गमवावे लागले असते, हे शार्लटकडे पाहिल्यावर आपल्या ध्यानात येते.

जेन ऑस्टिनने हे कल्पनेनेच लिहिले असे नाही. १८०२ च्या डिसेंबरात हॅरिस बिग-विदर नावाच्या सधन तरुणाने तिला मागणी घातली. संध्याकाळी तिने होकार दिला. रात्र गेली, आणि सकाळी उठून तिने तो परत घेतला. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती. पुढे तिचे लग्न झाले नाही. १८१७ साली वयाच्या एक्केचाळिसाव्या वर्षी ती वारली. तिच्या सख्ख्या आत्याची हकीकत तर आपल्या देशाशी निगडित आहे. फिलाडेल्फिया ऑस्टिन ही पोरकी, निर्धन मुलगी १७५२ साली जहाजात बसून मद्रासेला आली आणि वर्षभरात एका कंपनीवाल्या डॉक्टरशी तिचे लग्न लागले. हुंडा नसलेल्या मुलीला नवरा मिळावा म्हणून समुद्रापार पाठवण्याची चाल तिकडे होती. विलायतेतील बायका तेवढ्या मोकळ्या आणि आम्हीच तेवढ्या बांधलेल्या, असे समजण्याचे कारण नाही. लग्न झालेल्या इंग्रज स्त्रीला स्वतःची मिळकत स्वतःच्या नावावर ठेवण्याचा पुरता हक्क मिळाला तो १८८२ साली.

आता आपल्याकडे वळू. १८०२ च्या त्याच डिसेंबरात आपल्या या मरोळहून फार दूर नाही अशा वसईत काय चालले होते? यशवंतराव होळकराने ऑक्टोबरात पुण्याजवळ हडपसरला पेशव्यांच्या आणि शिंद्यांच्या फौजेचा मोड केला होता. दुसरा बाजीराव पळून वसईला इंग्रजांच्या आश्रयाला आला होता, आणि ३१ डिसेंबरला त्याने तो प्रसिद्ध तह केला. इंग्लंडात रीजन्सी सुरू झाली त्याच १८११ साली एल्फिन्स्टन रेसिडेंट म्हणून पुण्यात आला. तिकडे १८१५ साली वॉटर्लू झाले. इकडे ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली आणि १८१८ साली पेशवाई बुडाली. तेव्हा ‘आमच्याकडे रीजन्सी कुठली?’ असे कोणी विचारले, तर सांगावे की, आमची उत्तर पेशवाई हीच आमची रीजन्सी. काळ तोच, लढायांची धामधूम तीच, जुने घराणे खचत आहे आणि नवे लोक चढत आहेत ही परिस्थितीही तीच.

मग मराठीत अशी कादंबरी लिहू पाहणाऱ्या भगिनीपुढे दोन वाटा उघडतात. एक, विलायतेतलीच गोष्ट मराठीत लिहावी. दुसरी, ती उचलून पेशवाईत आणावी. दोन्ही वाटांवरचे खाचखळगे सांगते.

पहिल्या वाटेवर पहिली अडचण येते ती भाषेची. इंग्रजीत ‘तू’, ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ या तिन्हींना मिळून एकच शब्द आहे. डार्सी आणि एलिझाबेथ प्रथम भेटतात तेव्हाही तोच आणि लग्न ठरते तेव्हाही तोच. मराठीत मात्र पहिल्याच वाक्याला लेखिकेची लेखणी अडते. एलिझाबेथ त्याला ‘आपण’ म्हणेल की ‘तुम्ही’? तो तिला काय म्हणेल? काही भाषांतरांत दोघेही पहिल्या पानापासून एकमेकांना अरेतुरे करू लागतात आणि सगळी गोडी तिथेच संपते. ज्या भाषेत परका, वडीलधारा, सलगीचा आणि जिवाचा हे चारी सर्वनामावरून कळतात, त्या भाषेत प्रेम वाढत गेल्याचे सांगायला वेगळे वर्णन लागत नाही. तीनशे पाने ‘आपण’ म्हणणारा नायक एकदाच, बेसावध क्षणी, ‘तू’ म्हणून गेला, तर वाचणारीच्या अंगावर काटा येईल. इंग्रज लेखिकेला हे साधन मिळालेले नाही. आपल्याला ते घरबसल्या मिळाले आहे.

दुसरे साधन त्याहून मोठे आहे. आपल्याकडे बायको नवऱ्याचे नाव घेत नसे. ‘इकडून’, ‘स्वारी’, ‘घरात’, ‘अहो’ असे आडून आडून बोलणे चाले. सबंध वर्षात नाव घ्यायची वेळ यायची ती उखाण्यात, चारचौघींच्या आग्रहाने, यमकाच्या आडोशाने. विचार करा, भगिनींनो. ज्या नवऱ्याशी आपले पटलेले नाही, त्याचे नाव हळदीकुंकवाला घेण्याची पाळी आलेली सून, आणि पडवीत बसून ते ऐकणारा तो! हा प्रसंग विलायती नृत्याच्या मजलिशीला हार जाणार नाही. आपण मात्र तो सोडून शनिवारवाड्यात जोडीजोडीने नाच बसवायला निघतो.

दुसऱ्या वाटेवरची अडचण मोठी आहे आणि ती भाषेची नाही. पेशवाईत उपवर मुलगी म्हणजे आठ-नऊ वर्षांची परकरी पोर. तिला कोणी विचारत नसे आणि मुलालाही विचारीत नसत. अठरा वर्षांची, अविवाहित, हजरजबाबी ब्राह्मणकन्या पर्वतीच्या पायऱ्यांवर तरुण सरदाराशी वाद घालीत आहे, असे लिहिणे म्हणजे निव्वळ थाप आहे. आणि ही थाप नुसती इतिहासाशी नव्हे. त्या मुलींना जे मिळाले नाही ते मिळाले होते असे सांगितले, की त्यांच्याकडून काय हिरावून घेतले गेले हे आपण पुसून टाकतो. माझ्या पणजीचे लग्न नवव्या वर्षी झाले. बोहल्यावर तिला झोप लागली होती, असे ती हसत हसत सांगायची, आणि ऐकणारेही हसायचे. तिच्या आयुष्यावर कादंबरी लिहायची तर त्या झोपेपासून सुरुवात करावी लागेल. तिला अठरा वर्षांची करून मला ती लिहिता येणार नाही.

मग काय, पेशवाईत प्रेमकथा नव्हत्याच? होत्या. पण त्या पोथीत होत्या. रुक्मिणीने कृष्णाला पत्र पाठवले, भावाने ठरवलेला शिशुपाल नाकारला. एकनाथांनी १५७१ साली काशीत ‘रुक्मिणीस्वयंवर’ पूर्ण केले, आणि मनासारखा वर मिळावा म्हणून आपल्याकडच्या मुली ते पोथीसारखे वाचीत आल्या. दमयंतीने देवांना सोडून नळाला माळ घातली. सावित्री आपला वर आपण शोधायला रथात बसून निघाली, आणि हा वर्षभरात मरणार असे नारदाने सांगितल्यावरही आपल्या निवडीवरून हटली नाही. म्हणजे पाहा, ज्या घरात मुलीचे मत विचारले जात नव्हते, त्याच घरात स्वतः वर निवडणाऱ्या मुलींच्या कथा भक्तिभावाने वाचल्या जात होत्या. वटपौर्णिमेला दोरा गुंडाळताना सावित्रीची निष्ठा आपल्याला सांगितली जाते, पण तिची निवड कोणी सांगत नाही. आपली अभिजात प्रेमकथा शोधायला ऑस्टिनकडेच गेले पाहिजे असे नाही. तिच्या कितीतरी आधीपासून ती आपल्या देव्हाऱ्याजवळच्या फडताळात ठेवलेली आहे.

आणि प्रत्यक्षात? प्रत्यक्षात प्रेम असे ते लग्नानंतर जमणारे. ते कसे जमते हे पाहायचे असेल तर दोन पुस्तके पुन्हा वाचा. रमाबाई रानडे यांच्या ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ आणि लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’. माधवराव रानडे विधवाविवाहाचे पुरस्कर्ते. पहिली पत्नी वारल्यावर आपण बोलल्याप्रमाणे वागावे अशी त्यांची इच्छा होती. पण वडिलांपुढे त्यांचे काही चालले नाही आणि १८७३ साली एकतीस वर्षांच्या या विद्वानाचे लग्न अकरा वर्षांच्या मुलीशी लागले. म्हणजे होकार दोघांचाही नव्हता! तेथून पुढे त्यांनी तिला शिकवायला बसवले, घरातल्या बायकांनी तिला इंग्रजी पुस्तकापायी टाकून बोलले, तिने ते सोसले, आणि पुढे १९०९ साली पुण्याच्या सेवासदनाची धुरा तिने उचलली. ही काय लहान कथा झाली? कादंबरीत हे नाते रंगवून दाखवण्याचे काम रणजित देसाई यांनी ‘स्वामी’त केले. १९६२ साली ती निघाली, १९६४ साली तिला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला, आणि थोरले माधवराव व रमाबाई घरोघर पोचले. ना. सं. इनामदारांच्या ‘राऊ’ने १९७२ साली बाजीराव-मस्तानीची जोडी अशीच घरोघर नेली, आणि २०१५ साली तिच्यावरून चित्रपट निघाला.

पण माझा मूळ मुद्दा सुटू देऊ नका. लग्नानंतरच्या प्रेमात नकार कुठे बसवायचा? तो काढून टाकला तर उरते ती नशिबाने चांगला नवरा मिळालेल्या बाईची कथा. ती गोड असेल, पण तिच्यात नायिकेने काही केले असे होत नाही.

या ठिकाणी मला आठवते ती मुंबईचीच एक खरी मुलगी, रखमाबाई. अकराव्या वर्षी तिचे लग्न दादाजी भिकाजीशी झाले. ती आईकडे, सावत्र वडील डॉ. सखाराम अर्जुन यांच्या घरी राहिली, वाढली, शिकली आणि मोठी झाल्यावर नवऱ्याकडे नांदायला जाण्यास तिने नकार दिला. १८८४ साली दादाजीने दावा लावला. १८८५ साली न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल तिच्या बाजूने दिला. त्याच वर्षी मुंबईच्या इंग्रजी पत्रात ‘एक हिंदू स्त्री’ या सहीने बालविवाहावर पत्रे आली, ती तिचीच. ऑस्टिनची ‘एक स्त्री’ आणि ही ‘एक हिंदू स्त्री’! दोघींच्या मध्ये सत्तरहून अधिक वर्षे आणि सात समुद्र. अपिलात निकाल फिरला, आणि १८८७ साली न्यायमूर्ती फॅरन यांनी हुकूम केला की, नांदायला जा, नाही तर सहा महिने कैदेत जा. ती म्हणाली, मी कैद पत्करते. शेवटी १८८८ साली दादाजीने २,००० रुपये घेऊन तडजोड केली. रखमाबाई विलायतेला जाऊन डॉक्टर झाल्या, सुरतेला आणि राजकोटला त्यांनी आयुष्यभर बायकांची सेवा केली आणि १९५५ साली त्या वारल्या. या खटल्याने देशभर जो वाद उठला, त्यानंतर १८९१ चा संमतिवयाचा कायदा आला. १९२९ साली शारदा कायदा आला. एलिझाबेथने कॉलिन्सला नाही म्हटले तेव्हा तिच्यापुढे फार तर गरिबी होती. आमच्या नायिकेपुढे तुरुंग होता.

आता हे सांगण्याचे कारण एवढेच की, अभिजात कथेवरून नवी कथा लिहिताना काय घ्यावे आणि काय टाकावे, याची कसोटी यातून मिळते. प्रसंग घेऊ नयेत, प्रश्न घ्यावा. देवलांनी शेक्सपियरचा ऑथेल्लो ‘झुंझारराव’ करून १८९० साली मराठी रंगभूमीवर आणला, तेव्हा त्यांनी व्हेनिसचे कालवे आणले नाहीत, संशय आणला. ‘नाही म्हणणाऱ्या मुलीला काय किंमत द्यावी लागते, आणि तिच्या होकाराची किंमत कोणाला कळते?’ हा ऑस्टिनचा प्रश्न. तो १८१५ च्या पुण्यात विचारा. उत्तर वेगळे येईल. तिथली मुलगी बोहल्यावर नाही म्हणू शकत नाही. पण ती मोठी होऊन सासरी येते तेव्हा, नवरा फौजेबरोबर गेलेला असताना येणाऱ्या पत्रांच्या वेळी, घर बुडाले आणि दागिने मागितले गेले तेव्हा, तिच्यापाशी लहानसा का होईना, एक नकार असतो. तो कुठे आहे ते शोधणे, हे तुमचे काम.

आता काही व्यवहाराच्या गोष्टी.

पैसा लपवू नका. ऑस्टिनच्या कादंबरीत माणूस दारातून आत येण्याआधी त्याचे वार्षिक उत्पन्न आत आलेले असते. आपल्या प्रेमकथांत मात्र नायकाचे डोळे कसे आहेत ते कळते आणि घर कशावर चालते ते कळत नाही. हुंडा, करणी, मानपान, स्त्रीधन हे शब्द आले म्हणजे प्रेमाची गोडी कमी होत नाही, उलट ते प्रेम कशातून वाट काढीत आले हे कळते. हुंडाबंदीचा कायदा १९६१ साली झाला. तो पाळला जातो की नाही हे मी तुम्हाला सांगायला नको.

काळाची खातरजमा करा. हेयरबाई कपडे, गाड्या, बोलीतले शब्द यांची टिपणे वह्याच्या वह्या भरून ठेवीत. आपणही ठेवावीत. आपली मरोळचीच नायिका घ्या. १८१५ साली मरोळ पेशव्यांकडे नव्हते. मराठ्यांनी १७३७ साली पोर्तुगिजांकडून घेतलेली साष्टी १७७४ साली इंग्रजांनी घेतली, आणि १७८२ च्या सालबाईच्या तहाने ती त्यांच्याकडेच राहिली. नायिकेला मुंबईला जायचे आहे. माहीमच्या खाडीवर बांध नव्हता. तो लेडी अवाबाई जमशेटजी जीजीभाई यांच्या देणगीतून १८४५ साली झाला. तेव्हा माहीमला तरीत बसावे लागेल, नाही तर शीवच्या बांधावरून वळसा घ्यावा लागेल. आगगाडी १८५३ सालची, ती तिच्या नातीला मिळेल. सीप्झच्या आवारात जे जुने पडके चर्च आहे, ते १५७९ सालचे. १८४० च्या सुमारास साथीमुळे तिथली वस्ती उठून मरोळात आली. म्हणजे १८१५ साली तिथे घंटा वाजत होती, लग्ने लागत होती. आपल्या गावठाणातील ईस्ट इंडियन भगिनींच्या घरांत त्या काळच्या आठवणी असतील, लग्नातली गाणी असतील. त्यांना विचारल्याशिवाय त्यांच्यावर लिहू नका, आणि विचारायला मात्र अवश्य जा.

वाचायला साधने भरपूर आहेत. सरदेसायांनी संपादिलेले पेशवे दप्तराचे ४५ खंड, राजवाड्यांचे २२ खंड. एवढ्यांना हात घालायची भीती वाटत असेल तर ना. गो. चापेकरांचे ‘पेशवाईच्या सावलीत’ घ्या. त्यात त्या काळच्या जमाखर्चावरून घरगुती आयुष्य उभे केले आहे. कापड काय भावाने मिळे, कोणाला काय पगार होता, हे कळले की पात्रे आपोआप हालूचालू लागतात. आणि घराघरांतले कागद? जुने जमाखर्च, लग्नाच्या याद्या, आजीच्या हातचे उखाणे, माहेरी लिहिलेली पोस्टकार्डे हे रद्दीत देऊ नका. तीही दप्तरेच आहेत.

शेवट गोड करा, त्याची लाज बाळगू नका. टीकाकार म्हणतात, गोड शेवट हा भोळेपणा आहे. पण दुःखाचा शेवट लिहायला फारसे काही लागत नाही, जगात त्याचा तुटवडा नाही. दोन माणसांनी एकमेकांना ओळखून घेतले आणि आपापला हेका सोडला, हे पटेल असे लिहायला अक्कल लागते. फक्त एक पथ्य पाळा. बाईने सगळे सोसले, स्वतःला संपवले, म्हणजे प्रेमाची परमावधी झाली, असा शेवट करू नका. त्याग सुंदर दिसतो, म्हणून तो लिहिण्याचा मोह फार होतो. त्या सौंदर्यापायी आपल्या किती बायका गेल्या याचा हिशेब कोणत्याच दप्तरात नाही.

आता आरंभीच्या प्रश्नाकडे येते. हे खूळ कशाला? मराठीतील स्त्रीने लिहिलेली पहिली कादंबरी म्हणून काशीबाई कानिटकरांच्या ‘रंगराव’चे नाव घेतात. १९०३ साली ती पुस्तकरूपाने आली. काशीबाईंचे लग्न नवव्या वर्षी झालेले. लग्नानंतर त्या अक्षरे शिकल्या, आणि वाचण्यालिहिण्यापायी घरातल्यांची बोलणी त्यांनी खाल्ली. त्या काळीही ‘बाईला कादंबरी कशाला?’ असेच विचारीत. आज आपल्या मुली अंधेरीला, सीप्झला नोकरीला जातात, मेट्रोने हिंडतात, स्वतःच्या पगाराचे पैसे हाताळतात. तरी लग्नाचा विषय निघाला की ‘मुलाकडच्यांना मुलगी पसंत आहे’ एवढे ऐकल्याबरोबर घरात पेढे येतात. मुलीला पसंत आहे की नाही, हे विचारायचे राहून जाते. किंवा विचारतात ते अशा आवाजात की, ‘हो’शिवाय दुसरे उत्तर तिला देता येऊ नये. अशा घरात एखादी चांगली प्रेमकथा शिरली आणि आईने व मुलीने ती दोघींनी वाचली, तर ‘तुला खरेच काय वाटते ग?’ हा प्रश्न एखाद वेळी खऱ्या आवाजात विचारला जाईल. आरोग्य आणि बचत यांहून हे कमी उपयुक्त आहे, असे मी म्हणणार नाही.

जेन ऑस्टिनला राजपुत्राच्या ग्रंथपालाने १८१६ साली सुचवले होते की, बाईंनी राजघराण्यावर एखादी भव्य ऐतिहासिक प्रणयकथा लिहावी. तिने नम्रपणे कळवले की, ते आपल्या हातून होणार नाही, आपण आपल्याच रीतीने लिहिणार. हाही एक नकारच होता, आणि तो राजवाड्याला दिलेला होता. तुम्हीही लिहायला बसाल तेव्हा सरदार, राणी, महाल यांच्या मागे लागू नका. आपल्या आळीतली, आपल्या जातकुळीची, आपल्या ऐपतीची माणसे घ्या. त्यांच्या तोंडी आपली भाषा द्या.

कार्यवाहबाईंना माझी एक विनंती आहे. मंडळाच्या वाचनालयात महिन्यातून एक दुपार या वह्यांसाठी राखून ठेवावी. ज्यांना लिहायचे आहे त्यांनी लिहावे, ज्यांना ऐकायचे आहे त्यांनी ऐकावे, आणि ज्यांच्या घरी जुने कागद आहेत त्यांनी ते दाखवायला आणावेत. नाक मुरडणाऱ्या भगिनींनाही अगत्याचे आमंत्रण आहे. त्यांना गोष्ट आवडली नाही तर त्यांनी तसे तोंडावर सांगावे. आजच्या व्याख्यानाचा विषयच तो आहे. त्यांच्या नकाराने आम्हाला राग येणार नाही.